कोळ्याच्या पोटांतील पाहुणा



माझ्या आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या, आणि गृहिणींच्या तर नक्कीच, कपाळाला आंठी पडेल. माश्या आणि कोळी हीं दोन्ही नांवें घरांतून हांकून लावावयाच्या वस्तूंच्या यादींतलीं. शिवाय त्या दोघांचें परस्परांशीं नातें काय, तें आपण लहानपणींच पाहून ठेवलेलें असतें. कोळी जाळें विणतो, माशी त्यांत अडकते, कोळी तिला खातो. हा देखावा इतका अंगवळणीं पडलेला असतो कीं, याच्या नेमकें उलट कोठें घडत असेल अशी शंकाहि मनाला शिवत नाहीं. परंतु तसें घडतें. माश्यांचें एक आख्खें कुळ कोळ्यांच्या जिवावर जगतें. त्या कुळांतील माशीची अळी कोळ्याच्या शरीरांत शिरते, तेथें महिनेच्या महिने आणि कधीं कधीं वर्षांमागून वर्षें बिनबोभाट राहते, आणि शेवटीं त्याला आंतून खाऊन बाहेर पडते. ही हकीकत आज आपणांस सांगावी असा माझा विचार आहे.

प्रारंभींच एक खुलासा केला पाहिजे. मी शास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी शाळेंत शिरलों तो पेन्शन घेऊनच तेथून बाहेर पडलों. मुलांना सृष्टिज्ञान शिकवितां शिकवितां कीटकांचें जें वेड लागलें, तें निवृत्तीनंतर कमी होण्याऐवजीं वाढलें, एवढीच माझी पात्रता. तेव्हां आज जें सांगणार आहें तें जाणत्या लोकांच्या निरीक्षणांचें सार आहे. मधून मधून मास्तरी टिपणी होईल, ती तेवढी माझी.

कोळ्याला शत्रु असतात ही गोष्ट आपल्या लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. घराच्या भिंतीला, दाराच्या चौकटीमागें, कधीं पुस्तकांच्या कपाटांतहि मातीचीं लहान लहान घरटीं करणारी कुंभारीण सर्वांनीं पाहिलेली असते. तें घरटें फोडलें तर आंत दाटीवाटीनें भरलेले कोळी सांपडतात. कुंभारणीच्या दुसऱ्या कांहीं जातींच्या घरट्यांत कोळ्यांऐवजीं हिरव्या अळ्या असतात. हे प्राणी मेलेले नसतात आणि धड जिवंतहि नसतात; नांगीच्या दंशानें त्यांचे अवयव लुळे पडलेले असतात. घरट्याचें तोंड लिंपून कुंभारीण निघून जाते, आणि कांहीं दिवसांनीं त्याच घरट्यांतून नवी कुंभारीण बाहेर पडते.

अशाच निरीक्षणाशीं जुळणारा एक दृष्टान्त आपल्याकडे कीटभृंगन्याय म्हणून प्रसिद्ध आहे. भृंग अळीला कोंडतो, अळीला भयानें भृंगाचा ध्यास लागतो, आणि त्या ध्यासानें ती स्वतःच भृंग होऊन उडून जाते. कीर्तनांत हा दृष्टान्त आपण कित्येक वेळां ऐकला असेल. ध्यासाचा महिमा सांगण्यास त्याहून सुंदर दृष्टान्त मिळणें कठीण, आणि त्या कामीं त्याला कोणीं हात लावूं नये असेंच मला वाटतें. पण सृष्टिज्ञानाच्या तासाला प्रश्न वेगळा पडतो. आंत गेली ती अळी, बाहेर आला तो भृंग. मधल्या दिवसांत घरट्यांत काय झालें तें कोणीं पाहिलें? ज्यांनीं घरटीं फोडून तें पाहिलें त्यांना दिसलें कीं, कुंभारीण आंत स्वतःचें अंडें घालते, त्यांतून निघालेली तिची अळी त्या लुळ्या भक्ष्यावर पोसते, आणि तीच पुढें कुंभारीण होते.

कुंभारणीच्या बाबतींत हा मधला काळ सामान्यतः थोड्या आठवड्यांचा असतो. आज ज्या माशीविषयीं बोलावयाचें आहे तिच्या बाबतींत तो कित्येक वर्षांचा असूं शकतो. तो कोणीं आणि कसा पाहावा, हाच ह्या विषयांतला खरा अवघड प्रश्न आहे.

ह्या कुळाला शास्त्रांत अ‍ॅक्रोसेरिडी असें नांव आहे. इंग्रजींत कोणी त्यांना लहान डोक्याच्या माश्या म्हणतात, कोणी कुबड्या माश्या म्हणतात, तर कोणी कोळी-माश्या म्हणतात. मी बोलण्याच्या सोयीसाठीं कुबडी माशी म्हणेन, कारण ती एकदां पाहिली म्हणजे प्रथम लक्षांत राहतें तें तिचें कुबड. छाती फुगून पाठीवर घुमट झालेला. त्यामागें पोट एखाद्या फुगलेल्या बुडबुड्यासारखें. आणि पुढें, घुमटाच्या पायथ्याशीं, डोकें म्हणून एक बारीकसा मणि. त्या डोक्यावर दुसऱ्या कशाला फारशी जागाच उरलेली नसते. तें बहुतेक सगळें डोळ्यांनींच व्यापलेलें असतें, आणि पुष्कळ जातींत दोन्ही डोळे मध्यभागीं एकमेकांस भिडलेले असतात. पंखांच्या बुडाशीं खवल्यासारखे दोन मोठे पडदे असतात. ते इतर माश्यांतहि असतात, पण इतके मोठे क्वचित्. आकारमान म्हणाल तर लहान जाति अडीच मिलिमीटरची आणि मोठी दोन सेंटिमीटरची. ही माशी माणसाला चावत नाहीं, अन्नावर बसत नाहीं, रोग पसरवीत नाहीं. आपल्याशीं तिला कांहीं कर्तव्यच नाहीं.

अशा बेढब बांध्याच्या प्राण्याला रंगरूप कोठून असणार, असें कोणी म्हणेल. परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियाच्या बाजूस, यूलॉन्कस नांवाची ह्याच कुळांतली एक प्रजाति आहे. तिच्यांतील माश्या हिरव्या, निळ्या, जांभळ्या अशा धातूच्या झगझगीत रंगांच्या असतात. जणूं कोणी सराफानें घडवून उडविलेल्या. त्यांना लांबलचक सोंड असते. उडतांना ती पोटाखालीं मागें वळवून ठेवलेली असते, आणि फुलावर आल्यावर ती पुढें करून माशी आंतील मध पिते. ह्या भटकंतींत फुलांचे पराग इकडचे तिकडे होतात, आणि कांहीं फुलझाडांना त्याचा उपयोगहि होतो. दक्षिण अमेरिकेंतील लासिया प्रजातीच्या माश्या अशाच चकचकीत आणि लांब सोंडेच्या. याच्या अगदीं उलट ऑग्कोडीस ही प्रजाति. तिच्यांतील माश्यांचें तोंड केवळ नांवाला असतें. प्रौढ झाल्यावर त्या कांहीं खातच नाहींत. एकाच कुळांत एक बहीण मेजवान्या झोडणारी आणि दुसरी जन्मभर निर्जळी करणारी! ही दुसरी कशाच्या बळावर उडते? तिला जें खावयाचें होतें तें तिनें कोळ्याच्या पोटांत असतांनाच खाऊन घेतलेलें असतें.

ह्या कुळाच्या ५०० हून अधिक जाति आजवर नोंदल्या गेल्या आहेत, आणि अंटार्क्टिका सोडल्यास पृथ्वीच्या सर्व खंडांत त्या पसरलेल्या आहेत. तरीहि त्या क्वचित् दृष्टीस पडतात. प्रौढ माशीचें आयुष्य थोडें, आणि तिच्या जीवनाचा मोठा भाग कोळ्याच्या कातडीआड जातो. म्हणून ती दिसण्याचे दिवस वर्षांतून फार थोडे.

आतां अंड्यांकडे वळूं. कुंभारीण ही संसारी बाई आहे. ती मोजकीं अंडीं घालते, आणि प्रत्येक लेकराला घर बांधून देते, शिदोरी भरून देते, दार लिंपून घेते. कुबड्या माशीचा प्रकार निराळा. ती अंडीं घालते तीं शेंकड्यांनीं, कांहीं जातींत हजारांनीं. आणि कोळ्याजवळ फिरकतहि नाहीं. ऑग्कोडीसची मादी वाळक्या काटक्यांच्या टोंकांना बारीक काळसर अंडीं ओळीनें चिकटवून टाकते. दुसरी एखादी जाति झाडाच्या खोडावर घालते, आणि कांहीं तर उडतां उडतांच अंडीं खालीं टाकीत जातात. ह्या अंड्यांपासून कोळी कोठें, किती अंतरावर, कोणत्या जातीचा, याची मातेला कांहीं दाद नसते. तिचें काम तेथें संपलें. पुढचें सारें त्या अळीनें पाहावयाचें.

आणि ही अळी आहे तरी केवढी? अर्ध्या मिलिमीटरलाहि भरणार नाहीं. तिला पाय नाहींत, पंख नाहींत. पण ह्या वयांत तिच्याजवळ जीं साधनें असतात तीं तिच्या कुळांतल्या पुढच्या कोणत्याच अवस्थेजवळ नसतात. अंगावर कठीण पट्ट्यांचें चिलखत असतें, त्यावर कांटे असतात, आणि शेपटीच्या टोंकाला लांब केंस असतात. ती जळूप्रमाणें अंगाची कमान करीत चालते. मधूनच शेपटीवर ताठ उभी राहते आणि डोकें हवेंत हालवून चांचपते. कांहीं जातींची अळी त्या शेपटीच्या जोरावर टुणकन् उडीहि मारते. जवळून कोळी गेला कीं त्याचा पाय पकडावयाचा, एवढ्यासाठीं हा सगळा खटाटोप. कोळी आलाच नाहीं तर ती कांहीं दिवस वाट पाहून मरून जाते. बहुसंख्य अळ्यांचें असेंच होतें. त्याशिवाय हजारों अंड्यांचा हिशेब जुळणार कसा? जगांत कोळ्यांचा तुटवडा नाहीं, आणि कुबड्या माश्या तर दुर्मिळ आहेत. या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे त्या टीचभर अळीचें दैव किती खडतर आहे तें ध्यानांत येईल.

समजा, एखादीला कोळी सांपडला. ती त्याच्या पायावर चढते. कोळ्याचें अंग कठीण कवचाचें असलें तरी पायाच्या सांध्यांपाशीं तें कवच नसून मऊ पडदा असतो. तेथें किंवा पोटाच्या मऊ कातडीला ती भोंक पाडते आणि आंत शिरते. आंत शिरून तिनें कोठें जावें? कोळ्याच्या पोटाच्या खालच्या बाजूस, पुढच्या भागांत, श्वासोच्छ्वासाचें इंद्रिय असतें. पातळ पानें एकावर एक रचून पुस्तक बांधावें तसें तें दिसतें, म्हणून त्याला पुस्तक-फुप्फुस असेंच म्हणतात. अळी तेथें जाऊन पोंचते, आपल्या शरीराचें मागचें टोंक त्या पुस्तकाशीं जोडून घेते, आणि कोळ्याच्या वाट्याच्या हवेंतून स्वतःपुरती हवा घेऊं लागते. शाळेंत असतांना मी मुलांना सांगत असें कीं, पुस्तकाला चिकटून बसल्यानें कोणाचें भलें झालें असेल तर तें ह्या अळीचें.

येथें तिचें चिलखत, कांटे, केंस, सारें गळून पडतें. प्रवास संपला, शस्त्रांचें काय काम? ती एक पांढुरकी, मऊ, निराधार गोळी होऊन बसते. आणि ह्यापुढें जें घडतें, किंवा खरें म्हणजे घडत नाहीं, तेंच ह्या हकीकतींतलें मोठें नवल. ती वाढत नाहीं. म्हणजे घाईनें वाढत नाहीं. कोळी नेहमींप्रमाणें शिकार करतो, खातो, कात टाकतो, मोठा होतो. आणि त्याच्या पोटांत हा पाहुणा मुकाट्यानें बसून असतो. पाहुण्याला ठाऊक असल्यासारखें दिसतें कीं, यजमान लहान आहे तोंवर त्याला खाण्यांत अर्थ नाहीं. एका माशीचें शरीर घडण्याइतकें मांस त्याच्या अंगावर अजून चढलेलें नाहीं. थोड्या महिन्यांचें आयुष्य असलेल्या कोळ्यांत ही वाट पाहणीहि बेताचीच असते. परंतु जमिनींत बीळ करून राहणारे मोठे कोळी दीर्घायुषी असतात, आणि त्यांच्या पोटांत कुबड्या माशीची अळी १० वर्षेंपर्यंत राहूं शकते, असा एव्हर्ट श्लिंगर यांचा निर्वाळा आहे. श्लिंगर हे कॅलिफोर्निया विद्यापीठांतले कीटकशास्त्रज्ञ. २०१४ सालीं ते वारले. जगभरच्या कुबड्या माश्यांचा अभ्यास त्यांनीं जन्मभर केला, आणि ह्या कुळाविषयीं आज आपणांस जें ठाऊक आहे त्याचा फार मोठा भाग त्यांच्या खटपटीचें फळ आहे.

बिळांतला कोळी किती जगतो याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण सांगतों. तें ह्या माशीचें नाहीं, पण विषयाला सोडूनहि नाहीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांत बार्बरा यॉर्क मेन नांवाच्या विदुषींनीं १९७४ सालीं एका राखीव रानांतील बिळांतल्या कोळ्यांवर नजर ठेवावयास सुरुवात केली. हे कोळी बिळाच्या तोंडावर झांकण करून आंत बसतात, आणि मादी सहसा तें बीळ जन्मभर सोडीत नाहीं. त्यामुळें प्रत्येक बिळाला नंबर देऊन ठेवला म्हणजे काम भागलें. त्यांतली १६ नंबरची मादी २०१६ पर्यंत त्याच बिळांत आढळली. ४३ वर्षांचें आयुष्य! तिचा अंतहि वार्धक्यानें झाला नसावा. बिळाचें झांकण टोंचलेलें आढळलें, आणि तें कृत्य कोळ्यांवर अंडीं घालणाऱ्या एका गांधिलीच्या जातीचें असावें असा निष्कर्ष निघाला. मेनबाईंच्या हातून हें काम त्यांच्या उतारवयांत त्यांच्या तरुण सहकाऱ्यांकडे आलें. एका कोळ्याचें वय कळावयास माणसांच्या दोन पिढ्या लागल्या, आणि त्यासाठीं कांहीं यंत्र लागलें नाहीं. त्याच रानांत, त्याच बिळापाशीं, वर्षानुवर्षें परत जाणारें माणूस लागलें.

आपल्या अळीकडे परत येऊं. केव्हां तरी, बहुधा कोळी पूर्ण वाढीला येण्याच्या सुमारास, तिची समाधि उतरते. इतकी वर्षें जी अर्धपोटीं बसली होती तीच आतां खादाड होते. थोड्याच दिवसांत ती कोळ्याच्या आंतील सारा मऊ भाग फस्त करते. ह्या सुमारास कांहीं कोळी एक चमत्कारिक गोष्ट करतांना आढळले आहेत. मरणाच्या आदल्या रात्रीं ते पुष्कळसे तंतु काढून एक दाट जाळें विणतात. कात टाकण्यापूर्वीं कोळी जसें विणतो तशा धर्तीचें हें जाळें असतें. पण कात टाकण्याचा प्रसंगच आतां उरलेला नसतो. अळी कोळ्याचें पोट फोडून बाहेर येते, आणि ह्याच तंतूंचा आधार घेऊन कोश करते. मृताचें वस्त्र नवजाताला दुपट्यासारखें उपयोगीं पडावें, असा हा प्रकार. अळीच्या अंगांतील एखाद्या रसाचा हा परिणाम कीं काय, असा तर्क मनांत येतो. पण तर्क तो तर्क.

एकदां वर्गांत हा भाग सांगतांना मागच्या बांकावरच्या एका मुलानें विचारलें, “गुरुजी, कोळ्याला हें कळत असेल का हो?” वर्ग हांसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं. प्रश्न जुना आहे आणि मोठमोठ्यांना पडलेला आहे. चार्ल्स डार्विन यानें १८६० सालीं अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यास लिहिलेल्या पत्रांत हीच व्यथा बोलून दाखविली होती. जिवंत अळ्यांच्या शरीरांत राहून त्यांनाच खाणारे कीटक एखाद्या दयाळू ईश्वरानें मुद्दाम निर्माण केले असतील, हें आपल्या मनाला पटत नाहीं, अशा आशयाचें त्यानें लिहिलें. ज्याला रोज देवपूजा करावयाची संवय आहे अशा माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न टाळतां येत नाहीं, आणि सोडवितांहि येत नाहीं. मुलाला मीं इतकेंच सांगितलें कीं, जितकीं वर्षें आपण कोळ्याला पाहतों तितकीं वर्षें तो इतर कोळ्यांसारखाच वागतो. जाळीं विणतो, बिळाचें झांकण नीट बसवितो, शिकार साधतो. त्याच्या वागण्यावरून त्याच्या पोटांत कोणी आहे हें बाहेरच्याला ओळखतां येत नाहीं. क्रूर हा शब्द मी ह्या माशीला लावीत नाहीं. तो शब्द, ज्याला दुसरें कांहीं करणें शक्य होतें त्याच्यासाठीं राखून ठेवावा.

ह्या गुप्त पाहुण्याचा पत्ता प्रथम लागला तो युरोपांत. आणि येथें एका मास्तराची हकीकत सांगतांना मला थोडासा अभिमान वाटला तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. बाल्टिक समुद्राच्या कांठीं डान्झिग नांवाचें बंदर होतें. आज तें पोलंडमध्यें असून त्याला ग्डान्स्क म्हणतात. तेथें आंटोन मेंगे नांवाचा एक शाळामास्तर होता. शाळेचें काम सांभाळून तो आपल्या प्रांतांतील कोळ्यांचा अभ्यास करी, आणि त्यांवर त्यानें एक मोठा ग्रंथ लिहिला. कोळ्यांतून कुबडी माशी निघते ही नोंद त्याच्या नांवावर आहे, आणि ती १८६६ सालची आहे. तीनच वर्षांनीं, १८६९ सालीं, व्हिएन्नाच्या फ्रीड्रिख ब्राउएर यानें ह्या कुळाच्या जीवनक्रमावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं ह्या माश्या कोणाला ठाऊक नव्हत्या असें नाहीं. टांचणीला टोंचलेल्या, पेटींत मांडलेल्या, लॅटिन नांवें दिलेल्या अशा त्या किती तरी होत्या. पण पेटींतली माशी स्वतः कोठून आली तें सांगत नाहीं. तें सांगावयास कोळी जिवंत ठेवणारा कोणी तरी लागतो.

ह्याच मेंगे मास्तरांना दुसरा एक नाद होता. बाल्टिकच्या किनाऱ्यावर अंबर सांपडतो. म्हणजे फार प्राचीन काळच्या झाडांचा घट्ट झालेला डिंक. त्या डिंकांत अडकलेले कीटक आणि कोळी जसेच्या तसे राहिलेले असतात. त्यांचा मेंग्यांनीं मोठा संग्रह केला होता. ४ कोटी वर्षांहूनहि जुन्या अशा ह्या बाल्टिक अंबरांत कुबड्या माश्या सांपडल्या आहेत. इतकेंच काय, २००८ सालीं पीटर कर आणि शॉन विंटरटन ह्या दोघांनीं अशा अंबराच्या एका खड्यांत एक वेगळेंच दृश्य असल्याचें प्रसिद्ध केलें. कोळ्यांची लांबची भावकी असलेल्या एका बारीक माइटच्या अंगाला कुबड्या माशीची तीच चिलखती अळी चिकटलेली आहे. भुकेल्या अळीनें समोरून जाणाऱ्याला पकडलें खरें, पण तो कोळी नव्हता. आणि तेवढ्यांत वरून डिंकाचा थेंब पडला. कझाकस्तानांतील कारातौ येथील खडकांत तर ह्या कुळाचे सुमारें १६ कोटी वर्षांपूर्वींचे अवशेष मिळाले आहेत. पृथ्वीवर त्या वेळीं महाकाय सरडे नांदत होते. ते गेले, कुबडी माशी आहे.

आपल्या देशाकडे येतां, येथील ह्या माश्यांची व्यवस्थित नोंद एन्रिको ब्रुनेटी ह्यानें केली. हा गृहस्थ पेशानें संगीतकार. कलकत्त्यास बरींच वर्षें राहिला आणि रिकामा वेळ माश्या गोळा करण्यांत घालवी. हिंदुस्थानांतील प्राण्यांवरच्या ग्रंथमालेंत माश्यांचा त्यानें लिहिलेला एक खंड १९२० सालीं निघाला, आणि त्यांत हें कुळ, त्या वेळच्या दुसऱ्या एका नांवाखालीं, आलें आहे. तेथें वर्णनें आहेत तीं प्रौढ माश्यांचीं. पंखांच्या शिरा, रंग, लांबी वगैरे. बिळांत राहणारे मोठे कोळी आपल्या सह्याद्रींतहि आहेत, आणि पानांत, सालींत, गवतांत हिंडणारे लहान कोळी तर प्रत्येकाच्या परसांत आहेत.

म्हणून शेवटीं घरांतील मंडळींना, विशेषतः मुलांना, थोडी कृति सांगून ठेवतों. दिवाळीपूर्वीं झाडलोट निघते तेव्हां कोळिष्टकें काढावींच लागतात; त्याला माझी हरकत नाहीं. पण एखादा कोळी सुस्त दिसला, किंवा एका कोपऱ्यांत त्यानें न शोभणारें दाट जाळें केलेलें दिसलें, तर त्याला केरसुणीनें मारूं नका. रुंद तोंडाच्या कांचेच्या बरणींत त्याला अलगद घ्या, आणि तोंडाला मलमलीचा तुकडा बांधा. आंत ओल्या कापसाचा एक बोळा ठेवा आणि चार-आठ दिवसांनीं एखादी माशी सोडा. पुष्कळ दिवस उपाशी राहण्याची कोळ्याला संवय असते. बरणीवर चिठ्ठी डकवून तींत गांव, तारीख आणि कोळी कोठें सांपडला तें लिहा. कोळी नुसता कोळीच निघाला तर कांहीं दिवसांनीं त्याला बागेंत सोडून द्या. क्वचित् एखाद्या सकाळीं कोळ्याच्या जागीं रिकामें कातडें आणि त्याच्याजवळ एक कोश असा प्रकार दिसेल. त्या वेळीं बरणी हलवूं नका आणि कापूस कोरडा होऊं देऊं नका. माशी निघाली म्हणजे सर्वांचें लक्ष तिच्याकडेच जातें, आणि तें चुरगळलेलें कातडें कचऱ्यांत जातें. तें मात्र जपून ठेवा. कोणत्या कोळ्यांतून कोणती माशी आली याचा साक्षीदार तें एकटेंच असतें.